स्ट्रोकनंतर हातपाय हलवण्यासाठी ब्रेन स्टिम्युलेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यूरो रिहॅबमध्ये फिजिओ आहे. टीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके), टीडीसीएस (डोक्याबाहेरून बारीक करंट) वगैरेबद्दल पेशंटच्या घरच्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, कधी मध्यरात्री, कधी एमआरआयच्या फोटोसकट, म्हणून नेहमीचे सगळे इथे एकत्र केलेत. नावं आणि खाजगी तपशील काढलेत, बाकी प्रश्न आले तसेच ठेवलेत. तुमच्या पेशंटचा निर्णय मात्र त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच घ्या.

१. ब्रेन स्टिम्युलेशन म्हणजे शॉक देतात तेच का? आई ऐकूनच घाबरलीये.

नाही, आईंना सांगा की ते वेगळं आणि हे वेगळं. शॉक ट्रीटमेंट म्हणतात त्यात भूल देऊन मुद्दाम फिट आणली जाते आणि ती बहुतेक वेळा खूप तीव्र डिप्रेशनसाठी असते. इथे पेशंट जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, मध्येच आपल्याशी बोलतोसुद्धा. डोक्याच्या बाहेरून चुंबकाचे छोटे ठोके किंवा अगदी बारीक करंट देऊन मेंदूच्या एका ठराविक भागाला थोडं जास्त जागं किंवा थोडं शांत करायचं, एवढाच उद्देश असतो. फिट येऊ नये म्हणूनच तर सगळी काळजी घेतली जाते (त्याबद्दल प्रश्न १२ बघा).

२. टीएमएस आणि टीडीसीएस एकच आहे का? एका डॉक्टरांनी हे सांगितलं, दुसऱ्यांनी ते.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीएमएसमध्ये डोक्यावर एक कॉइल धरतात, बहुतेक वेळा इंग्रजी आठच्या आकाराची, त्यातून क्षणभर जोरात करंट जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते कवटीतून आरपार जाऊन आत मेंदूत छोटा विद्युतप्रवाह निर्माण करतं. तो एवढा असतो की तिथल्या पेशी प्रत्यक्ष सिग्नल सोडतात. हे पहिल्यांदा १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या टीमने करून दाखवलं. तेच ठोके ओळीने, ठराविक वेगाने देत राहिलं की त्याला आरटीएमएस म्हणतात, आणि स्ट्रोकच्या उपचारात वापरतात ते हेच.

टीडीसीएस त्यामानाने साधं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे आणि त्यातून १ ते २ मिलीअँपिअरचा सलग करंट २०-३० मिनिटं द्यायचा. याने पेशी स्वतःहून सिग्नल सोडत नाहीत, त्या फक्त सिग्नल सोडायला जरा जास्त तयार होतात किंवा जरा कमी. आजच्या पद्धतीचा पाया २००० साली जर्मनीत गॉटिंगेनला निट्शे आणि पॉलस यांनी घातला. टीएमएसचं मशीन मोठं आणि महाग असतं आणि नेम धरून वापरावं लागतं. टीडीसीएसचं मशीन हातात मावतं, आणि त्यामुळेच त्याचे वेगळे घोटाळे होतात (प्रश्न १६).

३. मेंदूचा तो भाग मेला म्हणतात, मग बाहेरून चुंबक लावून काय होणार?

मेलेला भाग परत जिवंत होत नाही, ते कुठल्याच मशीनने होत नाही आणि कोणी तसं सांगत असेल तर तिथून निघा. पण स्ट्रोकच्या डागाच्या आजूबाजूला बरेचदा जिवंत भाग शिल्लक असतो, मेंदूपासून मणक्यापर्यंत जाणाऱ्या तारांपैकी काही वाचलेल्या असतात, आणि सराव केला की हा शिल्लक भाग नव्याने काम शिकून घेतो. हे शिकणं सोपं व्हावं म्हणून स्टिम्युलेशन.

यात दोन्ही बाजूंचा संबंध येतो. उजवा हात डावा मेंदू चालवतो, डावा हात उजवा. आणि मेंदूचे हे दोन अर्धे भाग एकमेकांना सतत थोडं दाबून ठेवत असतात. एका बाजूला स्ट्रोक झाला की तिचा जोर कमी होतो आणि चांगली बाजू तिला गरजेपेक्षा जास्त दाबते, असा एक विचार आहे. मग उपाय दोन: आजारी बाजूला जोर द्यायचा (५ हर्ट्झ किंवा त्याहून जास्त वेगाचे ठोके) किंवा चांगल्या बाजूला शांत करायचं (सेकंदाला एक ठोका, म्हणजे १ हर्ट्झ). थीटा बर्स्ट नावाचा प्रकार २००५ पासून वापरात आला, त्यात ठोके गटागटाने देतात आणि जोर द्यायचा असेल तर ६०० ठोके सव्वातीन मिनिटांच्या आत होतात, शांत करायचं असेल तर ४० सेकंदातच.

४. बाबांचा उजवा हात गेलाय, स्ट्रोक डावीकडे आहे, पण ते मशीन उजवीकडे लावतात. चुकतायत का?

बहुतेक नाही, हा प्रश्न खूप लोक घाबरून विचारतात. उजवी म्हणजे बाबांची चांगली बाजू, आणि तिला १ हर्ट्झने शांत करायचा प्रयत्न चाललाय. कारण वर प्रश्न ३ मध्ये आलंय.

पण इथे एक गोष्ट खरंच विचारण्यासारखी आहे. चांगली बाजू नेहमी अडथळाच करते असं नाही. ज्यांचं नुकसान खूप मोठं आहे, हात जवळजवळ हलतच नाही, त्यांच्यात कधीकधी ही चांगली बाजूच शिल्लक हालचालीला आधार देत असते, आणि तिलाच गप्प केलं तर उलटं होऊ शकतं. म्हणून सगळ्यांना एकच प्रोटोकॉल (कुठल्या बाजूला, किती वेगाने ठोके द्यायचे ते) लावणं मला पटत नाही. "बाबांची आजारी बाजू किती शिल्लक आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" असं डॉक्टरांना थेट विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही.

५. सेशनमध्ये नेमकं काय होतं? दुखतं का?

पहिल्या दिवशी बराच वेळ मोजमापात जातो. कानात इअरप्लग घालतात, कारण कॉइलचा टक टक आवाज चांगला मोठा असतो. हाताच्या छोट्या स्नायूवर स्टिकरसारखे इलेक्ट्रोड लावतात. मग कॉइल डोक्यावर थोडी थोडी सरकवत एकेक ठोका देतात आणि सगळ्यांचं लक्ष अंगठ्याकडे असतं. कॉइल बरोबर जागेवर आली की पेशंटने काहीही न करता अंगठा टुणकन हलतो. पहिल्यांदा बघताना घरचे दचकतात, काहींच्या डोळ्यात पाणी येतं कारण आठवडे न हललेला अंगठा हलताना दिसतो. (तो ठोक्याने हललेला असतो, लगेच फार मोठा अर्थ काढू नका, पण वाट उघडी आहे एवढं नक्की कळतं.) मग ठोक्याची ताकद कमी करत करत अशी पातळी शोधतात जिथे दहापैकी साधारण पाच वेळाच स्नायूतून सिग्नल मिळतो. ती त्या माणसाची थ्रेशोल्ड. ट्रीटमेंटची ताकद त्याच्या टक्केवारीत ठरते, बऱ्याचदा ९० ते ११० टक्क्यांच्या आसपास.

पुढचे सेशन सोपे. डोक्यावर टिचक्या मारल्यासारखं वाटतं, कपाळाचा किंवा जबड्याचा स्नायू आखडू शकतो, नंतर थोडं डोकं दुखू शकतं. टीडीसीएसमध्ये पहिली काही मिनिटं खाज आणि मुंग्या येतात. स्पंज सुकला तर कातडी लाल होते, क्वचित भाजतेही, म्हणून जळजळ वाढत असेल तर सहन करत बसायचं नाही, लगेच सांगायचं. आणि बोलता येत नसलेल्या पेशंटचा चेहरा कोणीतरी बघत राहिलं पाहिजे, हे मी आमच्याकडच्या प्रत्येक नवीन मुलाला सांगते.

६. मशीन चालू केल्यावर फिजिओ बंद केली तर चालेल का? दोन्हीचा खर्च झेपत नाहीये.

दोन्हीपैकी एकच झेपत असेल तर फिजिओ ठेवा, मशीन सोडा. मी फिजिओ आहे म्हणून सांगत नाहीये. स्टिम्युलेशनने मेंदू तेवढ्या वेळापुरता शिकायला मोकळा होतो, आणि एका सेशनचा हा परिणाम साधारण अर्धा-एक तास टिकतो, कधी त्याहूनही कमी. त्या वेळात हाताने काही केलंच नाही तर मेंदूने शिकायचं काय? नांगरून ठेवलं आणि पेरलंच नाही, असं होतं ते.

मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. पेशंट येतो, २० मिनिटं कॉइलखाली बसतो, उठून घरी जातो आणि संध्याकाळी दमलेला असताना दहा मिनिटं कोणीतरी त्याचा हात वरखाली करतं. हे त्या माणसाच्या आशेचा आणि पैशाचा अपव्यय आहे. स्टिम्युलेशन संपल्या संपल्या, किंवा टीडीसीएस असेल तर ते चालू असतानाच, खरा सराव व्हायला हवा. आणि सराव म्हणजे पेशंटने स्वतः, जोर लावून, पुन्हा पुन्हा केलेलं काम: कप पकडायचा, उचलायचा, ठेवायचा आणि मुख्य म्हणजे सोडायचा. बोटं मिटणं लवकर येतं, उघडणं येत नाही, आणि तिथेच वेळ घालवायचा असतो. दुसऱ्याने हलवलेला हात सांधे मोकळे ठेवायला चांगला, पण त्यातून मेंदू फारसं शिकत नाही.

७. खरं खरं सांगा, याने फायदा होतो का?

काहींना होतो, थोडा होतो, आणि कोणाला होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. आता सविस्तर.

चांगली बाजू आधी. २०२० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी आरटीएमएसबद्दलचे सगळे अभ्यास तपासून शिफारशी काढल्या, त्यात स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या काही महिन्यांत हाताच्या हालचालीसाठी चांगल्या बाजूवर १ हर्ट्झ, याला सगळ्यात वरचा म्हणजे 'ए' दर्जा दिलाय. म्हणजे डॉक्टर सुचवतात ते काही हवेतलं नाही.

दुसरी बाजू अशी की २०१८ मध्ये निश नावाच्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला. १९९ पेशंट, स्ट्रोकला ३ ते १२ महिने झालेले, अर्ध्याहून जास्त लोकांना खरं स्टिम्युलेशन, बाकीच्यांना खोटं (नुसतं दिल्यासारखं दाखवायचं), आणि सगळ्यांना सहा आठवडे हाताची चांगली थेरपी. सहा महिन्यांनी खऱ्या गटातल्या ६७ टक्के लोकांमध्ये लक्षात येण्याइतकी सुधारणा होती, आणि खोट्या गटात ६५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. टीडीसीएसचं पण तसंच, ट्रान्सपोर्ट-२ नावाच्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये १२९ लोकांना खोटं, २ किंवा ४ मिलीअँपिअर दिलं, सुरक्षित निघालं पण हाताच्या स्कोअरमध्ये गटांमध्ये फरक पडला नाही.

मग कोणाचं खरं? माझ्या मते दोन्ही. छोट्या अभ्यासांमध्ये पेशंट एकसारखे निवडलेले असतात आणि चांगला निकाल आला की तो छापून येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे सगळे एकत्र केले की चित्र जरा उजळ दिसतं. मोठ्या ट्रायलमध्ये सगळ्या तऱ्हेचे पेशंट असतात, सगळ्यांना एकच प्रोटोकॉल दिला जातो, आणि ज्यांना फायदा झाला तेही सरासरीत बुडून जातात. पण निशमधला मला महत्त्वाचा वाटणारा आकडा ६५ हा आहे. ते लोक सरासरी विचार केला तर "आता फार सुधारणार नाही" या टप्प्याच्या जवळ आलेले होते, त्यांना खरं स्टिम्युलेशन मिळालंच नव्हतं, तरी नीट नेटाने थेरपी मिळाल्यावर तिघांपैकी दोघं सुधारले. प्रश्न ६ चं उत्तर मी एवढ्या ठामपणे का दिलं ते यावरून कळेल.

८. स्ट्रोकला चारच दिवस झालेत. उद्यापासून सुरू केलं तर जास्त फायदा ना?

पहिले काही आठवडे मेंदू आपोआप सगळ्यात जास्त बदलत असतो, बरीचशी रिकव्हरी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, म्हणून उगाच वेळ घालवू नये हे बरोबर. पण जेवढं लवकर तेवढं चांगलं, असं सरळ गणित नाही. २०१५ मध्ये अॅव्हर्ट नावाची दोन हजारांहून जास्त पेशंटची ट्रायल आली, त्यात पहिल्या २४ तासांतच जोरात उठवणं-चालवणं सुरू केलेल्यांचा निकाल तीन महिन्यांनी उलट थोडा वाईट होता. ते व्यायामाबद्दल होतं, स्टिम्युलेशनबद्दल नाही, पण नुकत्याच दुखावलेल्या मेंदूची घाई करू नये हे त्यातून कळतं. चौथ्या दिवशी बीपी, शुगर, गिळणं, परत स्ट्रोक होऊ नये याची औषधं, बिछान्यात हात नीट ठेवणं, ही कामं मोठी आहेत. तब्येत स्थिर झाली की स्टिम्युलेशनचं बोला.

९. माझ्या मिस्टरांना दोन वर्षं झाली. आता उशीर झाला का?

सहा महिन्यांनंतर दार बंद होतं, हे जुनं ऐकीव आहे. वेग कमी होतो हे खरं. आरटीएमएसचा पुरावा उशिराच्या टप्प्यात कमकुवत आहे, पण जास्त प्रमाणात नेटाने सराव केला तर वर्षांनंतरही हाताचं काम सुधारताना दिसतं. शिवाय व्हेगस नर्व्हवाल्या उपचाराची मोठी ट्रायल उशिराच्या टप्प्यातल्या लोकांवरच झाली, ती पुढच्या प्रश्नात. मिस्टरांची बोटं थोडी तरी उघडत असतील तर प्रयत्न करण्यासारखा आहे. हात एकदम घट्ट मुठीत असेल तर आधी तो घट्टपणा कमी करायचं बघा, त्यासाठी बोटॉक्स लागलं तरी चालतं.

१०. व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन काय आहे? मानेत मशीन बसवतात म्हणे.

हो, छोटं ऑपरेशन असतं. छातीत कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र आणि तिथून एक तार मानेतल्या डाव्या व्हेगस नर्व्हला. ही नर्व्ह मेंदूकडे जाते, आणि तिला ठोका दिला की मेंदूत शिकायला मदत करणारी रसायनं सुटतात. पद्धत मला फार आवडते कारण ती सरावाशी बांधलेली आहे: पेशंट हाताने काम करतो आणि नेमक्या त्याच वेळी थेरपिस्ट बटण दाबून अर्ध्या सेकंदाचा ठोका देतो, एका सेशनमध्ये शेकडो वेळा. हालचाल नाही तर ठोका नाही.

२०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये याची ट्रायल आली. १०८ लोक, रक्तपुरवठा बंद होऊन झालेला स्ट्रोक, किमान नऊ महिने जुना. सहा आठवड्यांनंतर ६६ पैकी मोजल्या जाणाऱ्या हाताच्या स्कोअरमध्ये (प्रश्न २० बघा) उपचार गटाचे सरासरी ५ गुण वाढले, दुसऱ्या गटाचे २.४. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. पण ऑपरेशन आहे, आवाज बसणं, खोकला असे त्रास होऊ शकतात, आणि हात अजिबात न हलणाऱ्यांसाठी हे नाही.

११. मेंदूतच इलेक्ट्रोड बसवला तर जास्त चांगलं नाही का, थेट तिथेच?

तर्काला पटतं, पण आजवरचा अनुभव सावध करणारा आहे. एव्हरेस्ट नावाच्या ट्रायलमध्ये १६४ लोक होते, मेंदूच्या आवरणावर इलेक्ट्रोड ठेवून थेरपी दिली, आणि ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. नंतर बघितल्यावर दिसलं की इलेक्ट्रोडमधून ठोका दिल्यावर हात हलतो असे लोक त्यात फार थोडे होते, आणि त्यांच्यात निकाल बरा होता. म्हणजे तार तुटलेली असेल तर मेंदूच्या कितीही जवळ गेलात तरी उपयोग मर्यादित.

दुसरा मार्ग अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये चाललाय, मागच्या छोट्या मेंदूत, म्हणजे सेरेबेलममध्ये खोलवर इलेक्ट्रोड बसवून. २०२३ मध्ये १२ लोकांचा निकाल आला, सुरक्षित वाटलं आणि निम्म्या लोकांचे स्कोअर ७ किंवा जास्त गुणांनी वाढले. आशा वाटते, पण १२ लोक आहेत आणि खोट्या उपचाराचा गट नव्हता. ट्रायलबाहेर कोणी हे पैसे घेऊन करतो म्हणाला तर करू नका.

१२. यामुळे फिट येऊ शकते का?

टीएमएसमध्ये येऊ शकते, पण सुरक्षिततेचे नियम पाळले तर फार क्वचित. स्ट्रोक झालेल्या मेंदूत मुळातच फिटची शक्यता जास्त असते, म्हणून आधी कधी फिट आली असेल, लहानपणी आली असेल तरी, सांगाच. "तेव्हा एकदाच आली होती म्हणून सांगितलं नाही" हे नंतर ऐकायला मिळतं. फिट येऊन गेलेल्यांना वेगाचे ठोके सहसा टाळतात. आदल्या रात्री झोप झाली नसेल, दारू झाली असेल, ताप असेल तर त्या दिवशी सेशन पुढे ढकला. टीडीसीएसमध्ये हा धोका त्याहून कमी आहे.

१३. कोणी अजिबात करू नये?

डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू किंवा यंत्र असेल तर टीएमएस नको: अॅन्युरिझमची (फुगलेल्या रक्तवाहिनीची) क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतला इलेक्ट्रोड. पेसमेकर असेल तर कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही, तेच गरोदरपणाबद्दल. दातातलं फिलिंग सहसा चालतं. स्टेंट, शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी), कॉइलिंग (फुगलेल्या रक्तवाहिनीत बारीक तार भरणं) झालं असेल तर "ते तर जुनं आहे" म्हणून सोडून देऊ नका, डिस्चार्ज कार्ड घेऊन जा आणि कुठल्या धातूचं आहे ते डॉक्टरांना बघू दे.

१४. भावाच्या कवटीचं हाड काढलंय, अजून बसवलं नाही. आणि त्याला ब्लीडिंगवाला स्ट्रोक होता. त्याला चालेल?

दोन वेगळे प्रश्न आहेत. हाड नसलेल्या जागी करंटला अडवणारं काही राहत नाही, तो तिथून जास्त आत शिरतो आणि कुठे किती पोचतोय याचा नेहमीचा हिशोब चालत नाही. त्यामुळे हाड बसेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं, टीडीसीएससाठी तर नक्कीच. हाड बसवताना धातूची प्लेट वापरली असेल तर तेही सांगायचं.

ब्लीडिंगच्या स्ट्रोकवर अभ्यास कमी झालेत, बऱ्याच ट्रायलमध्ये असे पेशंट घेतच नाहीत. रक्त पूर्ण शोषलं गेलंय, बीपी ताब्यात आहे, ब्लीडिंगचं कारण कळलंय, असं असेल तर काही ठिकाणी करतात. प्रश्न ७ मधले आकडे मात्र भावाला जसेच्या तसे लावू नका.

१५. पायासाठी, चालण्यासाठी होतं का? सगळे हाताबद्दलच बोलतात.

सगळे हाताबद्दल बोलतात कारण हाताचा भाग मेंदूच्या वरच्या पृष्ठभागाजवळ आहे, कॉइल सहज पोचते. पायाचा भाग मध्यभागी, दोन अर्ध्यांच्या फटीत खाली गेलेला आहे, साध्या कॉइलचा जोर तिथपर्यंत जाताना कमी होतो, आणि दोन्ही पायांचे भाग शेजारी शेजारी असल्यामुळे एकालाच नेम धरणंही अवघड. वाकवलेली, खोल जाणारी कॉइल वापरून प्रयत्न झालेत, काही निकाल बरे आहेत, पण पुरावा हाताइतका नाही. चालणं मात्र सरावाने हातापेक्षा लवकर सुधारतं बऱ्याच जणांचं, तिकडे जोर लावा.

१६. ऑनलाइन टीडीसीएस मशीन मिळतं, घरीच केलं तर? किंवा बॅटरीचं बनवता येतं म्हणे.

बनवायचं तर डोक्यातूनही काढून टाका. विकत घेतलेलंही स्वतःच्या मनाने नको. इलेक्ट्रोड दोन सेंटिमीटर सरकला तरी वेगळाच भाग गाठला जातो, उलट लावला तर ज्या भागाला जोर द्यायचा त्यालाच दाबलं जाऊ शकतं, आणि स्ट्रोकच्या जागी पाण्याने भरलेली पोकळी असेल तर करंट तिथून वेगळ्याच वाटेने जातो. शिवाय पेशंटला त्या बाजूची संवेदना कमी असेल किंवा बोलता येत नसेल तर भाजतंय हे तुम्हाला कळणारही नाही. डॉक्टरांनी जागा ठरवून, शिकवून, लक्ष ठेवून घरी करायला दिलं तर गोष्ट वेगळी.

१७. आईचा हात अजिबात हलत नाही. तिला उपयोग होईल का हे आधी कळू शकतं?

बऱ्यापैकी कळतं, आणि मला वाटतं टीएमएसचा हा उपयोग उपचाराइतकाच मोलाचा आहे पण लोक तो मागत नाहीत. प्रश्न ५ मधला तो एकेक ठोका आठवा. आजारी बाजूला ठोका दिल्यावर हाताच्या स्नायूत सिग्नल आला तर वाट शिल्लक आहे, आज हात हलत नसला तरी पुढे हलण्याची शक्यता चांगली. न्यूझीलंडमधल्या टीमने यावर प्रेप-२ नावाची पद्धत बसवलीये: तिसऱ्या दिवसाच्या आसपास खांदा बाजूला उचलणं आणि बोटं उघडणं यांना मिळून १० पैकी गुण द्यायचे, ५ किंवा जास्त असतील तर टीएमएसची गरजच नाही, कमी असतील तर पहिल्या आठवड्यात टीएमएसने सिग्नल येतो का बघायचं.

सिग्नल आला नाही तर अंदाज कठीण आहे, ते ऐकायला जड जातं, पण मग निदान आईचा वेळ एका हाताने कपडे घालणं, सुरक्षित उठणं-बसणं, खांदा दुखू न देणं यात घालवता येतो. हे तिच्या रोजच्या जगण्याला जास्त उपयोगी आहे. फक्त ही तपासणी मुख्यतः पहिल्या काही दिवसांसाठी ठरवलेली आहे, दोन वर्षांनी केली तर तेच अर्थ लावू नका.

१८. गोळ्यांचा काही संबंध येतो का?

येतो. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या मेंदूचं शिकणं मंदावतात, आणि काही गोळ्या, उदाहरणार्थ ट्रॅमाडॉल किंवा ब्युप्रोपिऑन, फिटची शक्यता वाढवतात. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा. पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, रक्त पातळ ठेवायची आणि फिटची तर मुळीच नाही.

१९. बोलणं, गिळणं, डिप्रेशन यासाठी पण हे वापरतात का?

वापरतात. डिप्रेशनसाठी टीएमएसला अमेरिकेत २००८ पासूनच मान्यता आहे, बाकी दोन्हीवर काम चालू आहे. प्रत्येकाची जागा आणि प्रोटोकॉल वेगळा, "एकाच सेशनमध्ये सगळं करून देतो" असं नसतं. स्ट्रोकनंतरचं डिप्रेशन मात्र अंगावर काढू नका, मन खचलेला माणूस सराव करत नाही.

२०. फायदा होतोय हे कसं ओळखायचं? मला वाटतं होतोय, बहिणीला वाटतं नाही.

म्हणून सुरू करण्याआधी मोजा. हातासाठी फ्युगल-मेयर नावाचा ६६ गुणांचा स्कोअर असतो, त्यात साधारण ५ गुण वाढले तर रोजच्या वापरात फरक जाणवतो असं मानतात. तो थेरपिस्टकडून आधी आणि नंतर लिहून घ्या, शक्यतो एकाच माणसाकडून. घरी एक साधं काम ठरवा आणि दर आठवड्याला त्याच खुर्चीत, त्याच वेळी व्हिडिओ काढा. व्हिडिओ बघून तुम्हा बहिणींचं भांडण बरंच कमी होईल. आणि सेंटरवाले आधीचा स्कोअर घेतच नसतील तर तिथे नंतर "सुधारणा झाली" म्हणण्याला काही आधार नाही.

२१. दहा सेशन सांगितले होते, सहा झाले, काहीच फरक नाही. थांबवू का?

सहानंतर लगेच नको. बहुतेक कोर्स १० ते २० सेशनचे असतात, आठवड्याला तीन ते पाच, आणि परिणाम हळूहळू साचतो. पण या चार दिवसांत एक तपासा: प्रत्येक सेशननंतरच्या तासात काय सराव होतोय? काहीच होत नसेल तर उरलेले चार सेशन तसेच उरकू नका, थेरपिस्टला सांगून सेशनला जोडूनच सरावाची वेळ लावून घ्या, नाही जमलं तर ते चार पुढे ढकला. सराव नीट होत असेल आणि कोर्स पूर्ण होऊनही प्रश्न २० मधला स्कोअर हलला नाही, तर तोच प्रोटोकॉल परत पैसे भरून करण्यात अर्थ नाही. तेव्हा विचारायचं की बाजू किंवा वेग बदलून बघण्यासारखं यांच्या एमआरआयमध्ये काही आहे का. उत्तर "नाही" आलं तर मशीन थांबवा, सराव चालू ठेवा, आणि तीन महिन्यांनी स्कोअर परत काढून घ्या.